तारमास्तरांचा अवघड शब्द

तात्या तुम्हाला रस्त्यात भेटले असते, तर त्यांनी तुमची खुशाली विचारली नसती. छत्री काखोटीला मारून, चष्म्याच्या वरून तुमच्याकडे बघत त्यांनी एक इंग्रजी शब्द विचारला असता. "मॅग्नॅनिमस. अर्थ?" एवढंच. राम राम नाही, नमस्कार नाही. तुमच्या डोक्यावर दळणाचा डबा असो की कडेवर रडणारं पोर, अर्थ सांगितल्याशिवाय वाट मिळत नसे.

अर्थ बरोबर आला तर तात्या म्हणत, "घरात आलात. बसा." मग तुम्ही भर बाजारात उभे का असेनात. जवळपास आला तर, "अंगणापर्यंत आलात." आणि साफ चुकला तर, "गल्ली चुकली. माघारी फिरा." सगळा जन्म टपालखात्यात गेलेला माणूस. शब्दाचा अर्थ म्हणजे त्यांना पत्ता वाटे. तो बरोबर हवा, नाहीतर माणूस पोचलाच नाही. आमच्या गावात घरापर्यंत पोचलेला माणूस क्वचित. बाकी सगळे आम्ही गल्लीतच हिंडत होतो.

यशवंतराव देवचक्के हे त्यांचं पूर्ण नाव. नगर जिल्ह्यात, पाथर्डीकडच्या कोरड्या मुलखात आमचं गाव. तिथे ते तारमास्तर होते. महायुद्धाचे दिवस होते. नगरहून येणारी मोटार कोळशाच्या गॅसवर चाले आणि चढ लागला की उतारू खाली उतरून तिला ढकलत. बाहेरच्या जगाची बातमी आमच्याकडे दोनच वाटांनी येई. एक ही मोटार, दुसरी तात्यांच्या टेबलावरचं ते कट्ट-कड करणारं यंत्र. त्या यंत्राची तात्यांच्या बोटांना इतकी सवय झाली होती, की ते गप्प बसले म्हणजे बोटं गुडघ्यावर, छत्रीच्या दांड्यावर, मिळेल त्यावर कट्ट-कड करत राहत. काय ठोकतात ते कुणालाच कळत नसे.

तारेला शब्दावर पैसे पडतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे लोक शब्द कमी वापरत. तात्यांचं म्हणणं, शब्द कमी वापरा, पण वापरता तो चांगला घ्या. "लहान शब्दाला तेवढेच पैसे, मोठ्या शब्दाला तेवढेच. बाजारात वांगी घेताना बरी टोपलीत हात घालून मोठी मोठी निवडता. मग इथेच का हात आखडता?"

एकदा एक शेतकरी आला. त्याचा मुलगा मुंबईला गोदीत होता.

"म्हातारी लई आजारी हाय. लवकर ये म्हनावं," तो म्हणाला.

"लवकर म्हणजे नुसतं 'सून' घातलं तर पोरगं अंघोळ करून, जेवून निघेल," तात्या म्हणाले. "आपण 'एक्स्पिडिशसली' घालू."

"घाला की. पर पोरगं येईल न्हवं?"

"शब्दच त्याला ओढून आणील."

तार मुंबईला पोचली. मुलाला वाचता येईना, चाळीत कुणाला तो शब्द लागेना. अखेर कुठल्याशा कारकुनाने अर्थ लावून दिला, तोवर चार-सहा दिवस गेले. मुलगा धावत-पळत घरी आला तर म्हातारी दारात कोंबड्यांना दाणे टाकत होती. काम टाकून आलास कशापायी, म्हणून तिने त्यालाच फैलावर घेतलं. पुढच्या बाजाराला शेतकरी भुईमुगाच्या शेंगा घेऊन तात्यांच्या पाया पडायला आला. म्हणाला, "तुमचा शबुद लई गुनाचा, मास्तर. पोरगं यायच्या आदीच म्हातारी उठून बसली." तात्यांनी शेंगा घेतल्या नाहीत, पण ती गोष्ट पुढे वर्षभर सांगितली. तीत आपली चूक होती असं त्यांच्या मनालाही शिवलं नाही.

हुसेनभाई पोस्टमनला तर रोज सकाळी थैली उघडण्याआधी शब्द असे. हुसेनभाई हात जोडून म्हणे, "साहेब, मला शब्द नका इचारू, पत्ता इचारा. पत्ता चुकला तर नोकरी सोडतो."

"हुसेन, शब्दालाही पत्ता असतो."

"आसंल. पर त्यो माझ्या बीटात न्हाई."

एक गोष्ट मात्र इथेच सांगतो. आमच्या मुलखातली पुष्कळ पोरं तेव्हा पलटणीत होती. अधूनमधून यंत्रावर अशी तार येई, की तात्यांची बोटं ती उतरवून घेताना जड होत. अशी तार ते हुसेनभाईबरोबर नुसती पाठवत नसत. टोपी घालून स्वतः बरोबर निघत, त्या घरी जाऊन खाली जमिनीवर बसत आणि साध्या मराठीत, चार शब्दांत काय ते सांगत. त्या दिवशी गावात ते कुणालाही काही विचारत नसत. समोरून तात्या आले आणि शब्द न विचारता गेले, की लोक जागच्या जागी उभे राहत आणि एकमेकांना विचारत, "कुणाचा?"

आता घरातलं सांगतो. तात्यांची बायको मुलगी लहान असतानाच गेली. मुलीचं नाव सिंधू. तात्यांनी दुसरं लग्न केलं नाही. मुलीला वेणी घालण्यापासून भाकरी थापण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं, आणि हे करताना तोंडाने शब्द चालू. सिंधू चुलीपुढे बसूनच इंग्रजी शिकली. त्या घरात भाजी करपली तर बाप नुसतं 'करपली' म्हणत नसे, आणि मुलगीही त्याच तोडीचा शब्द परत करी.

सिंधू लग्नाची झाली तेव्हा खरी गंमत सुरू झाली. मुलगी बघायचा कार्यक्रम कसा होतो हे तुम्हाला सांगायला नको. मुलगी खाली मान घालून पाटावर बसते आणि मुलाकडचे तिला नाव विचारतात, चालायला लावतात, पोहे तूच केलेस का म्हणतात. तात्यांच्या घरी हे सगळं होई. बायका आत स्वयंपाकघरात सिंधूपाशी जाऊन बसत, तिचं शिवण बघत, केसांची लांबी बघत. मग पोहे संपले की तात्या चष्मा पुसून म्हणत, "आता आमच्याकडून एकच प्रश्न." आणि मुलाकडे वळत. एक शब्द, एक संधी. चुकलं की संपलं. पत्रिका जुळो, हुंडा न मागो, घरी बागायत असो, काही उपयोग नाही.

शब्द आदल्या दिवशी ठरे. तो फुटू नये म्हणून तात्या दुपारी घराच्या खिडक्या लावून घेत आणि सिंधूला समोर बसवून, आपला उच्चार नीट येतो का हे बघायला तो तिला ऐकवत. लोक हसत. शाळेच्या परीक्षेचे पेपरसुद्धा इतक्या बंदोबस्तात नसत.

पहिलं स्थळ नगरच्या रेशनिंग कचेरीतल्या कारकुनाचं. शब्द होता 'गॅरुलस', म्हणजे बडबड्या. त्या गृहस्थाने आधी आपण इंग्रजीत किती गुण मिळवले ते सांगितलं, मग साहेब आपल्यावर किती खूश आहे ते, मग साखरेचा कोटा कसा ठरतो ते. तात्या शांतपणे ऐकत राहिले आणि अखेर म्हणाले, "अर्थ नाही सांगितलात, पण उदाहरण उत्तम दिलंत."

मुलाचा काका चिडला. "आम्ही मुलगी बघायला आलोय की मॅट्रिकला बसायला?"

"मुलीला भाकरी थापता येते का, हे तुमच्या घरच्यांनी आताच विचारलं," तात्या म्हणाले. "आम्ही नुसता शब्द विचारला. थापून दाखवा म्हणालो नाही."

पुढे एक वकील आला. देखणा, घरचा बरा, बोलायला अदबशीर. शब्द होता 'टॅसिटर्न'. वकिलाने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "अबोल. कामापुरतंच बोलणारा."

तात्यांची नजर एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली; तिथे काही हललं नाही. मग म्हणाले, "अंगणापर्यंत आलात."

"माफ करा, पण हाच अर्थ आहे. मी डिक्शनरी आणून दाखवतो."

"दाखवा. डिक्शनरीत असेल. आमच्या घरात नाही."

गावात फार बोललं गेलं. आमची माई मावशी तर पाण्याला जाताना तात्यांच्या दारात थांबून म्हणाली, "भावजी, पोरीचं लोणचं घालायचंय का बरणीत?" तात्यांनी तिलाही शब्द विचारला. मावशी म्हणाली, "तो तुमच्या यंत्राला विचारा," आणि घागर घेऊन चालू लागली.

ही माई मावशी माझी. मला आईवडील नव्हते, तिनेच वाढवलं. आमचं घर तात्यांच्या समोरच, मध्ये फक्त बोळ. मी गावच्या इंग्रजी शाळेत गणित शिकवत होतो. माझा स्वभाव लहानपणापासून कच खाणारा. देवळात खडीसाखरेचा प्रसाद मी एका दिवशी दोनदा घेतला होता, तर त्याची रुखरुख मला मुंज होईपर्यंत होती. वर्गात एखाद्या मुलाला रागावलो तर घरी जेवण जात नसे. अशा माणसाने समोरच्या घरातली मुलगी आवडते हे कुणाला सांगायचं? मी कुणालाच सांगितलं नाही. वकिलाचा निकाल कळल्यावर शाळेत जाऊन डिक्शनरी तेवढी बघितली. वकील बरोबर होता. हेही मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला आनंद झाला होता, आणि दुसऱ्याच्या फजितीने आनंद झाला याची लाज वाटत होती.

मावशीला सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "मध्या, तू रोज त्या घराकडे बघत दात घासतोस. इतके घासूनही पांढरे काही होत नाहीत. मी आज भावजींशी बोलते."

आणि बोललीच. तात्या म्हणाले, "मुलगा समोरचा असला म्हणून परीक्षा टळत नाही. रविवारी या."

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. शाळेतली डिक्शनरी घरी आणली आणि पहिल्या पानापासून पाठ करायला बसलो. शनिवारपर्यंत मी जेमतेम 'सी'मध्ये पोचलो होतो, आणि 'ए'मधलं सगळं विसरलो होतो. शनिवारी संध्याकाळी आतल्या खोलीचं दार लोटून घोकत बसलो असताना बाहेर सिंधूचा आवाज आला.

"मावशी, थोडं विरजण देता? आमचं संपलंय."

"अगं, कालच तर मी तुझ्याकडून आणलं विरजण."

"ते होय. ते नासलं मावशी."

"विरजण नासलं? हे बाई नवलच."

मावशी वाटी घेऊन आत गेली. सिंधू माझ्या लोटलेल्या दारापासून हातभर अंतरावर उभी होती. ती जरा आवाज चढवून, स्वयंपाकघराकडे तोंड करून बोलू लागली.

"डोकं उठलंय माझं. तात्या दुपारपासून एकच शब्द घोळवताहेत. पुसिलॅनिमस."

"काय म्हणालीस?"

"पुसिलॅनिमस. म्हणजे भित्रा. ज्याला मनातलं सांगायची हिंमत होत नाही, तो."

"असलं कोण असतं बाई?"

"असतात हो. दार लोटून डिक्शनरी वाचत बसतात."

विरजणाची वाटी घेऊन ती निघून गेली. माझ्या मांडीवरची डिक्शनरी मिटून गेली होती. पेपर फुटला होता. मी शिक्षक होतो. कॉपी करणाऱ्या पोराला मी वर्गाबाहेर उभा करत असे. मी ठरवलं, उद्या जाऊन सांगायचं की मला शब्द कळला आहे, दुसरा विचारा. ठरवलं खरं.

रविवारी मी मावशीबरोबर बोळ ओलांडला. पोहे आले. पोह्यांबरोबर बशीत पेढे होते. मावशी म्हणाली, "भावजी, हे काय? निकालाआधीच?" तात्या म्हणाले, "पाहुण्यांचं तोंड गोड नको करायला?" मी तो पेढा हातातच धरून बसलो, एवढंच आठवतं.

तात्यांनी चष्मा पुसला. "मास्तर, आजवर पोरांना विचारलंत. आज तुमची पाळी. पुसिलॅनिमस. अर्थ?"

आता सांगावं, असं मनात आलं. स्वयंपाकघराच्या दाराआड बांगडी वाजली. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "भित्रा."

"आणखी?"

"ज्याला मनातलं सांगायची हिंमत होत नाही, तो."

तात्या माझ्याकडे बघत राहिले. त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर कट्ट-कड करू लागली आणि मग एकदम थांबली.

"घरात आलात," ते म्हणाले. "बसा."

मी बसलेलोच होतो. तरी उठून पुन्हा बसलो.

लग्न झालं. लवकरच मला नगरच्या एका शाळेत जागा मिळाली आणि आम्ही निघालो. मोटारीत बसलो तेव्हा तात्या खिडकीपाशी आले, पण बोलले नाहीत. मोटारीच्या पत्र्यावर त्यांची बोटं सारखी ठोकत होती. सामान चढवायला आलेला हुसेनभाई म्हणाला, "साहेब, तार कुनाला?" तात्या म्हणाले, "कुणाला नाही. यंत्र तपासतोय."

पुढची काही वर्षं मी ज्या त्रासात काढली, तो ऐकून तुम्ही हसाल. तात्या महिन्या-दोन महिन्यांनी नगरला येत. येताना मोटारीतल्या सगळ्या उतारूंना सांगत, की आमच्या जावयाने पुसिलॅनिमसचा अर्थ सांगितला. एकदा मी त्यांना आणायला मोटारअड्ड्यावर गेलो, तर एक अनोळखी गृहस्थ मला म्हणाले, "तुम्हीच का ते? वा." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. घरी आले की तात्या मला नवा शब्द विचारत आणि मी हमखास गल्ली चुकत असे. "त्या दिवशी कसं बरोबर आलं?" ते नवलाने म्हणत. दर वेळी माझी मान खाली.

सिंधूला मी म्हणे, "सांगून टाकतो आता."

ती म्हणे, "सांगा की. हिंमत असेल तर." आणि पदर तोंडाशी धरून हसे.

तात्यांचा आणखी एक नेम होता. नगरच्या आमच्या बिऱ्हाडी आले की छत्री कोपऱ्यात ठेवायच्या आधी, जोडे काढायच्याही आधी, ते दारातूनच हाक देत, "सिंधू, विरजण आहे ना घरात?"

आतून सिंधू म्हणे, "आहे, तात्या."

मग ते आत येत. मला वाटे, म्हाताऱ्याला ताकाची आवड. म्हणून मी ते येणार असले की मुद्दाम दूध जास्त घेत असे. ताक केलं तर पीत अर्धीच वाटी.

इंग्रज गेले. तात्याही सेवानिवृत्त झाले. हुसेनभाई त्यांना म्हणाला म्हणे, "साहेब, विंग्रज गेलं, पर जाताना डिक्शनरी हितंच इसरलं." तात्या हसले नाहीत. आता गावात कुणी अडून उभं राहत नसे. लोक लांबूनच "गल्ली चुकली, तात्या," असं स्वतःच म्हणून पुढे जात. यंत्रावर नवा माणूस आला होता. तात्या दुपारी कचेरीच्या पायरीवर जाऊन बसत आणि आतलं कट्ट-कड ऐकत, असं मावशीने सांगितलं. आमच्याकडे राहायला या म्हटलं की म्हणत, "घराला कुलूप लावलं तर पत्रं कुठे टाकेल हुसेन?" त्यांना पत्रं आमचीच येत.

एका दिवाळीनंतर ते आले तेव्हा बगलेत धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. सिंधू आत गेल्यावर त्यांनी ते माझ्यापुढे सोडलं. त्यांची डिक्शनरी. कोपरे झिजलेले, पाठीला तारकचेरीतला जाड दोरा शिवलेला.

"ही तुम्हाला, जावईबापू. माझे डोळे गेले आता. अन् माझ्या घरापर्यंत पोचलेला माणूस एकच."

मी डिक्शनरीवर हात ठेवला आणि मागे घेतला. एवढी वर्षं जे मनात दडवलं होतं ते बाहेर पडलं. "तात्या, मला ही घेता येणार नाही. तो शब्द मला आदल्या दिवशीच कळला होता."

"कुणाकडून?"

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. हे बोलायचं तर सिंधूचं नाव पुढे येत होतं. पण अर्ध्यात थांबणंही खोटंच झालं असतं. "ती विरजण मागायला आली होती तेव्हा मावशीला सांगत होती. माझ्या कानावर पडलं. मी ते तुम्हाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मी तुम्हाला फसवलं."

तात्या रागावतील, निदान उठून जातील, असं मला वाटलं. त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला आणि पुन्हा घातला.

"जावईबापू, तुम्ही गणिताचे मास्तर," ते म्हणाले. "निकालाआधी पेढे कोण आणतं?"

मला बशीतले ते पेढे आठवले.

"त्या शनिवारी आमच्या कोनाड्यात विरजणाचं भांडं भरलेलं होतं. मी पाहिलं होतं. आणि पोरगी रिकामी वाटी घेऊन तुमच्याकडे निघाली. मी छत्री घेतली आणि हलवायाकडे गेलो."

"म्हणजे तुम्हाला…"

"उच्चार काय मला येत नव्हते? त्यासाठी खिडक्या लावून तिला समोर बसवत होतो?" त्यांनी डिक्शनरीच्या पाठीवरचा दोरा चाचपला. "आई असती तर तिने कुशीत घेऊन विचारलं असतं, बाळ, हा तुला पसंत आहे का. बापाने कसं विचारायचं? मला जमलं नाही. मग शब्द तिच्या हातात देऊन ठेवायचो. पाहुण्यांच्या बायका आत तिच्याजवळ येऊन बसायच्या. त्यांच्या कानात एक शब्द घालायला किती वेळ लागतो? तिने घातला नाही."

"पण वकिलाचं उत्तर बरोबर होतं, तात्या. मी बघितलं होतं."

"होतं ना. पण ते वकिलाचं होतं. तिचं नव्हतं."

बाहेर बोळातून भाजीवाली ओरडत गेली. आत सिंधू भांडी लावत होती, त्याचा आवाज येत होता.

"मी तिला अर्थ 'भित्रा' एवढाच सांगितला होता," तात्या हळूच म्हणाले. "मनातलं सांगायची हिंमत नाही वगैरे ह्या डिक्शनरीत नाही. ते तुमच्या तोंडून आलं तेव्हा मला तिचाच आवाज ऐकू आला. आणि तो शब्द मी तुमच्यासाठी काढला होता असं तुम्हाला वाटतं की काय? मी माझ्याकडे बघून काढला होता."

त्यांनी डिक्शनरी पुन्हा माझ्याकडे सरकवली. ह्या वेळी मी घेतली.

संध्याकाळच्या मोटारीने ते निघाले. मी राहा म्हटलं, ते हुसेनचं नाव सांगून हसले. जोडे घातले, छत्री काखोटीला मारली, उंबऱ्यापर्यंत गेले आणि मागे वळले. येताना विचारायचा तो प्रश्न त्या दिवशी त्यांनी जाताना पुन्हा विचारला.

"सिंधू, विरजण आहे ना घरात?"

इतकी वर्षं एक बाप लेकीची खुशाली विचारत होता, आणि मी दूध जास्त घेत होतो.

सिंधू ओल्या हातांनी दारात आली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या डिक्शनरीकडे. सगळं तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती नेहमीसारखी हसली नाही.

"आहे, तात्या," ती म्हणाली. "कुणाकडे मागायला जावं लागत नाही."

"मग ठीक," तात्या म्हणाले, आणि बोळातून चालू लागले. कोपऱ्यावर कुणीतरी शाळकरी पोरं गोट्या खेळत होती. तात्या त्यांच्याजवळ थांबले आणि चष्म्याच्या वरून बघत त्यांना काहीतरी विचारू लागले.